सहा जूनचा तास

प्रश्न : सर, राग मानू नका, पण विचारते. माझा मुलगा (इयत्ता आठवी) दोन वर्षं तुमच्याकडे कीबोर्ड शिकतो. मागच्या ६ जूनला तुम्ही क्लासमध्ये काहीच शिकवलं नाहीत. बिली प्रेस्टन नावाचा कुणी अमेरिकन वादक त्या तारखेला वारला म्हणून तासभर त्याचं वाजवणं ऐकवलंत. दर वर्षी असंच असतं म्हणे. एक तर त्या दिवशी आपल्याकडे शिवराज्याभिषेक दिन असतो. दुसरं, परीक्षा तोंडावर होती. आणि आठवण काढायला आपल्याकडे वादक कमी आहेत का?
– एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, राग कसला! तुम्ही विचारलंत तरी. बाकीचे पालक क्लासबाहेर स्कूटरवर बसून आपापसात बोलतात आणि मी दिसलो की पावसाचा विषय काढतात.

शिवराज्याभिषेकाचं आधी मिटवतो. सकाळची मिरवणूक मीही बघतो, ढोलपथकात माझेच दोन विद्यार्थी आहेत. क्लास संध्याकाळी साडेसहाला असतो. परीक्षेचं म्हणाल तर चिरंजीव विशेष योग्यतेत पास झाले, ते लिहायचं तुमच्याकडून राहून गेलं. तिसऱ्या मुद्द्यात मात्र दम आहे. त्याचं उत्तर द्यायला मला मिरजेला जावं लागेल.

विशीत असताना मी पेटीचे सूर लावून घ्यायला मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जायचो. तिथल्या एका कारखान्यात, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी, एक रेकॉर्ड प्लेअर होता आणि तीन रेकॉर्डचा एक डबा. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला, त्याचं ते ध्वनिमुद्रण. पहिल्या बाजूवर रविशंकरांची सतार, अली अकबरांचा सरोद, तबल्याला अल्लारखाँ. सुरुवातीला ही मंडळी नुसती वाद्यं जुळवतात, आणि जुळवून झाल्यावर गोरं पब्लिक टाळ्या वाजवतं. जुळवणी एवढी आवडली तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर म्हणतात. या जागेवर कारागीर दर वेळी हसायचे. जुळवणीला टाळ्या मिळालेल्या त्यांनी तरी दुसरीकडे कुठे ऐकल्या असणार! तर त्या डब्यातली ही एकच बाजू घासून पांढरी पडली होती. उरलेल्या पाच बाजू कोऱ्या करकरीत.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी रेकॉर्ड उलटली. त्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात ऑर्गन सुरू झाला. आधी संथ, देवळात कुणी नसताना एखाद्याने देवाशी बोलावं तसा. मग गळा लागला, मागून कोरसचा जबाब आला, आणि लय अशी चढत गेली की मला आमच्या गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन आठवलं. इंग्रजी एक अक्षर कळलं नाही. पेटी तिथेच विसरून मी बसने सांगलीला परत आलो.

पुष्कळ वर्षांनी त्या कार्यक्रमाचं चित्रण बघायला मिळालं. तेव्हा कळलं की हा बाबा गाता गाता ऑर्गन सोडून उठतो आणि स्टेजभर नाचत सुटतो. पेटीवर बसून मांडी हलवली तरी मास्तर छडी मारायचे, त्या पिढीतला मी. दोनदा मागे नेऊन बघितलं.

तर हा बिली प्रेस्टन. जन्म २ सप्टेंबर १९४६, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. वाढला लॉस एंजेलिसमध्ये. आई चर्चमध्ये वाजवायची. स्वतः कुणाकडे रीतसर शिकला नाही. (हे वाक्य मी क्लासमध्ये जरा हळू आवाजात सांगतो.) दहाव्या वर्षी महेलिया जॅक्सनच्या साथीला बसला. आपल्याकडे भीमसेनजींच्या अभंगाला पाचवीतल्या पोराने पेटी धरावी, तसलं हे प्रकरण. सोळाव्या वर्षी लिटल रिचर्डबरोबर हॅम्बुर्गला गेला, तिथे अजून जगाला ठाऊक नसलेले बीटल्स भेटले. पुढे सॅम कुक, रे चार्ल्स, अशा मोठ्यांच्या मागे बसून वाजवत राहिला.

बिली वाजवायचा ते सोल संगीत म्हणजे काय, असं मुलं विचारतात. मी सांगतो, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भजन रस्त्यावर आलं, देवाच्या जागी माणूस आला, पण आळवणं तेच राहिलं. म्हणून आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतात, टाळकरी ती उचलतात, आणि बुवा श्वास घेतात तेवढ्या फटीत पेटीवाला चार सूर सोडतो. बिलीचं सगळं मोठेपण त्या फटीत आहे. गायक बोलत असताना त्याचे हात जवळजवळ गप्प असतात. गायकाचं तोंड मिटलं की तो येतो, आणि पुढच्या शब्दाच्या आत निघून गेलेला असतो. तुमच्या मुलाला दोन वर्षांत मी शंभरदा सांगितलं असेल, गाण्यावर वाजवू नकोस, गाण्याच्या मधे वाजव. माझ्या सांगण्याने तो ऐकत नाही. सहा जूनला ऐकून आला आणि पुढच्या आठवड्यात त्याने एका अंतऱ्यात पहिल्यांदा डावा हात उचलून मांडीवर ठेवला. ते मी वहीत लिहून ठेवलंय.

आता बीटल्सची गोष्ट. जानेवारी १९६९मध्ये त्या चौघांचं आपसात फाटत आलं होतं. जॉर्ज हॅरिसन तर मधेच उठून निघून गेला होता. तो परतल्यावर लंडनमध्ये ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू झालं आणि तिथे बिली सहज भेटायला आला. त्याला इलेक्ट्रिक पियानोवर बसवलं आणि खोलीतलं वारं बदललं. पाहुणा आला की माणसं कशी शहाण्यासारखी वागतात, अशा अर्थाचं हॅरिसन पुढे बोलला. आपल्या घरी वाटणीवरून धुमसणारे भाऊ मामा आले की एका ताटात जेवतात ना, तसंच. ३० जानेवारीला त्यांनी कचेरीच्या गच्चीवर, थंडीत, शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा पाचवा माणूस बिलीच होता. त्याच दिवसांतलं ‘गेट बॅक’ रेकॉर्ड म्हणून निघालं, तेव्हा लेबलवर छापलं होतं : बीटल्स, सोबत बिली प्रेस्टन. त्या चौघांनी साथीदाराला असं नाव सहसा कधी दिलं नाही.

ताई, मला त्या लेबलाचं फार आहे. मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं. सांगली, तासगाव, कराड, इस्लामपूर, गणपतीत तर रोज एक गाव. पोस्टरवर गायकांचे फोटो, निवेदकाचा फोटो, एकदा तर मंडपवाल्याचाही फोटो बघितला. आम्ही ‘व इतर’. बावीस वर्षं माझं नाव ‘इतर’ होतं.

आणि आपल्या वादकांचं विचारलंत म्हणून. सांगली म्हणजे नाट्यपंढरी; विष्णुदास भाव्यांनी १८४३ला इथे पहिलं मराठी नाटक उभं केलं, हे पोरं शाळेत पाठ करतात. बालगंधर्वांचं पद सांगलीत अजून कुणीही गुणगुणेल. पण त्या पदाखाली ऑर्गनचा जो अखंड सूर असायचा, तो कुणाच्या पायाने चालायचा, हे रस्त्यात दहा जणांना विचारून बघा. मुलांना मी ते ऑर्गनही ऐकवतो, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला. त्यावर कुणाचं पत्र आलं नाही, कारण तिथे तक्रार करण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही.

बिली स्वतःही पुढे मोठा गायक झाला. १९७३ आणि १९७४ला त्याची गाणी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली. पण ब्रूस फिशरबरोबर त्याने लिहिलेलं ‘यू आर सो ब्यूटिफुल’ जगाला जो कॉकर या गायकाचं म्हणून माहीत आहे. साथीदाराचं नशीब असं मागे लागतं. व्यसनं होती, त्यापायी तुरुंगवासही झाला, हे मी मोठ्या मुलांपासून लपवत नाही; लहानांना सांगत नाही. मूत्रपिंडं गेली, २००२ला प्रत्यारोपण झालं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हॅरिसनच्या पहिल्या स्मृतिदिनी तो गायला आणि वाजवलं. त्याच स्टेजवर रविशंकरांची मुलगी अनुष्का सतार घेऊन बसली होती. मिरजेच्या त्या डब्यातल्या पहिल्या दोन बाजू एकतीस वर्षांनी पुन्हा एका मांडवात आल्या. नोव्हेंबर २००५पासून तो बेशुद्ध होता, आणि ६ जून २००६ला ॲरिझोनात गेला. वय एकोणसाठ.

मला मुंबईच्या एका मित्राने फोनवर सांगितलं. त्या संध्याकाळी क्लासला चार मुलं होती. शिकवायचं सुचेना, म्हणून कॅसेट लावली. पुढच्या वर्षी त्यातल्याच एकाने विचारलं, सर, आज ते ऐकायचं ना? असा तो तास सुरू झाला. मी काही ठरवलं नव्हतं. यंदा तुम्हीही या. चहा मिळेल. मृग तोंडावर असतो, छत्री आणा.

प्रश्न : माझ्या कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून एक बटण दाबलं की सूर गरगरल्यासारखा वाटतो. पुन्हा दाबलं की गरगर मंदावते. हा बिघाड आहे का? दुकानदार म्हणतो, सॉफ्टवेअर अपडेट करा.
– एक विद्यार्थी, तासगाव

उत्तर : दुकानदाराला नमस्कार सांग आणि पैसे देऊ नकोस. बिघाड नाही, ती वाद्याची सगळ्यात सुंदर खोड आहे.

आपली पायपेटी हवेवर चालते, भाता आणि पितळी पट्ट्या. (माझी २०१९च्या पुरात गेली. गावभागातल्या खालच्या खोलीत पाणी ओसरल्यावर बघितलं तर भात्यात गाळ आणि पट्ट्यांवर हिरवं. सतारमेकरांनीही हात जोडले.) हॅमंड ऑर्गनमध्ये हवा नाहीच. लॉरेन्स हॅमंडने १९३५ला तो बाजारात आणला. आत ९१ दातेरी चाकं विजेवर फिरतात आणि प्रत्येकाशेजारी चुंबकाची गुंडाळी असते. दाते पुढून गेले की सूर तयार होतो. बोटांखालच्या पट्ट्यांच्या वर नऊ-नऊ दांड्यांचे संच असतात, त्या कमीजास्त ओढून आवाजाचा मसाला बनवायचा. मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चांनी तो घेतला, आणि तिथून तो सोलमध्ये आला. बिलीचं मुख्य वाद्य तेच. बी-थ्री हे त्याचं नामांकित मॉडेल बाकासकट दोनशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तुझं कीबोर्ड मोटरसायकलवर नेतोस ते सुख त्यांना नव्हतं.

गरगर येते ती लेस्ली नावाच्या स्पीकरमुळे. लाकडी कपाटात भोंगा खरोखर फिरत असतो. एसटी हॉर्न वाजवत तुझ्यासमोरून गेली की येताना आवाज चढा आणि जाताना उतरता लागतो ना, तेच इथे सेकंदाला कितीतरी वेळा होतं. दोन वेग असतात, संथ आणि जलद. तुझ्या बटणाने त्याची नक्कल केलीय. गंमत वेग बदलतानाच्या क्षणात आहे, कारण जड भोंगा एकदम पळत नाही, हळूहळू वेग घेतो. बिली ओळीच्या शेवटी सूर धरून ठेवतो आणि तेव्हा वेग वाढवतो. तू ‘सा’ धर, चार मात्रा थांब, मग दाब. पहिल्या मात्रेला दाबणारे पुष्कळ भेटतात.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला मित्र अचानक गेला. पुढच्या रविवारी शोकसभा आहे. मित्रांचा विचार असा की त्याचं नेहमीचं गाणं वाजवायचं आणि त्याच्या जागा मोकळ्या सोडायच्या. योग्य वाटतं का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : भाऊ, वाईट वाटलं वाचून. कल्पना चांगली आहे, पण करू नका. आमच्या ॲकॉर्डियनवाल्याच्या वेळी आम्ही हेच केलं होतं. पहिली मोकळी जागा आली आणि साउंडवाला वायर निघाली समजून धावत स्टेजवर आला. दुसऱ्या जागेला त्याने मॉनिटरचा आवाज वाढवला, शिट्टी घुमली. पुढच्या रांगेत त्याची आई बसली होती. तीच आधी हसली, नाहीतर आमची काही धडगत नव्हती.

त्यापेक्षा वहिनींना विचारा, तो घरी कीबोर्ड उघडला की पहिल्यांदा काय वाजवायचा. ते बहुतेक गाणं नसतंच. चार सुरांचं काहीतरी असतं, हात गरम करायचं, शेजाऱ्यांनाही पाठ झालेलं. ते तुमच्यातल्या कुणीतरी वाजवा, एकदाच. फलकावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात घाला, आणि वाजवणाऱ्याचंही घाला. अडॅप्टर घरून न्या, हॉलवाले ऐनवेळी नाही म्हणतात.