रोज रात्री मॉडेल मोडते आणि परत बनवते, थांबवू का तिला?

न्यू जर्सीत समुपदेशन करताना मराठी घरांमधून एक प्रश्न फार येतो. शब्द दरवेळी वेगळे पण आत तेच, की मूल कुठल्यातरी स्पर्धेत इतकं गुंतलंय की झोप गेली, जेवणाचं भान नाही, काही विचारलं की अंगावर येतं, मग हे बंद करायचं का आणि बंद केलं तर कायमचं मन मोडेल का. २०१९-२० च्या शाळेच्या वर्षातली एक केस सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आईचा मेसेज होता, "ताई, मुलगी टेन्थ ग्रेडला आहे, सायन्स ऑलिम्पियाडमधे प्रोटीन मॉडेलिंग घेतलंय. रोज रात्री तार वाकवून मॉडेल करते आणि पूर्ण होत आलं की सगळं सरळ करून परत पहिल्यापासून. काल पहाटे दोनला रडत बसली होती. थांबवू का?"

आधी ही स्पर्धा काय ते सांगते, कारण त्रासाचं मूळ तिथेच होतं. सायन्स ऑलिम्पियाड ही अमेरिकेतली शाळांची विज्ञान स्पर्धा, त्यात शाळेची १५ जणांपर्यंतची टीम असते आणि २३ इव्हेंट असतात, त्या वर्षी त्यातला हा एक होता, जास्तीत जास्त तीन मुलांनी मिळून करायचा. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ती घडी पडून एका ठराविक आकारात बसते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. मुलांना तो आकार जेमॉल नावाच्या सॉफ्टवेअरमधे फिरवून बघायचा असायचा आणि मिनी-टूबर म्हणून आत तार असलेली फोमची नळी मिळायची, ती वाकवून तोच आकार हाताने करायचा. एका अमिनो आम्लाला दोन सेंटिमीटर हे माप. मार्कांपैकी ४० टक्के घरून बनवून नेलेल्या मॉडेलला, ३० टक्के तिथे बसून बनवायच्या मॉडेलला आणि ३० लेखीला, आणि तिथलं बनवणं आणि लेखी दोन्ही मिळून ५० मिनिटं. त्या वर्षी विषय होता क्रिस्पर या जनुकं बदलायच्या तंत्रातलं कॅस९, म्हणजे डीएनए कापणारं प्रोटीन. त्यात १३६८ अमिनो आम्लं आहेत, अख्खं बनवायचं म्हटलं तर २७ मीटरच्या वर नळी लागेल, त्यामुळे एक तुकडाच बनवायचा.

मुलगी पहिल्यांदा आली ती पिशवीतून मॉडेल घेऊनच. मी म्हटलं दाखव मला कसं करतेस. नळीवर दर दोन सेंटिमीटरला पेनाने बारीक रेघ, दर दहाव्या रेघेला आकडा, एका टोकाला निळं टोपण आणि दुसऱ्या टोकाला लाल, म्हणजे साखळी सुरू कुठे होते आणि संपते कुठे ते कळावं. काम इतकं नीटस होतं की मला खरंच कौतुक वाटलं. मग तिने एक हेलिक्स, म्हणजे साखळीचा स्प्रिंगसारखा गोल चढत जाणारा भाग, वळवायला घेतलं. हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं बसतात, म्हणजे सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास नळी, आणि वेढे उजव्या हाताचे असावे लागतात, उजव्या हाताचा अंगठा वर धरला तर बोटं ज्या बाजूला वळतात तसेच चढत जायला हवेत. तीन वेढे छान झाले, चौथ्यात आकडा एका रेघेने पुढे गेला, तर तिने चौथा वेढा नाही सोडवला, सगळी नळी टोकापासून टोकापर्यंत सरळ केली. तोंडाने एक शब्द नाही. ही अशी सवय बघितली की मी मॉडेलचं बोलणं बाजूला ठेवते.

विचारलं, एक रेघ चुकलेली जजने बघितली तर काय होईल? म्हणाली, "मावशी, त्यांना कळेल की मला काहीच येत नाही." हळूहळू बाकीचं निघालं. सरावात एकदा तिचं हेलिक्स डाव्या हाताचं झालं होतं आणि टीममधल्या मुलाने सगळ्यांसमोर ते वर धरून दाखवलं, तेव्हापासून ती कुणाला नळीला हात लावू देत नव्हती, तिघांचं काम एकटी करत होती. घरी बाबा इंजिनियर, मुलीसाठी जीव टाकणारा माणूस, पण रोज रात्री पट्टी घेऊन मॉडेल तपासायचे आणि म्हणायचे "पहिल्याच वेळी नीट केलं की परत करावं लागत नाही." त्यांच्या दृष्टीने ती मदत होती. मुलीला ऐकू यायचं की चूक दिसली म्हणजे संपलं.

आईबाबांना मी सांगितलं की स्पर्धा बंद करू नका. तिला विषय मनापासून आवडत होता, कॅस९ डीएनएचे दोन धागे दोन वेगवेगळ्या भागांनी कसे कापतं हे सांगताना तिचा चेहराच बदलायचा. बंद केलं असतं तर तिला जी भीती होती तीच खरी ठरली असती. बदलायची होती ती बनवायची पद्धत.

पहिलं म्हणजे पट्टी घरातून बंद. बाबांकडे फक्त घड्याळ, वेळ संपली की सांगायचं आणि मॉडेलबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, त्यांना हे फार जड गेलं पण त्यांनी पाळलं. मुलीला नियम असा की मागे जायचं नाही, चुकलं तर कागदावर लिहायचं "बाराव्यापाशी एक रेघ पुढे" आणि पुढचा भाग घ्यायचा, सगळं झालं की शेवटी पाच मिनिटं दुरुस्तीला. पहिल्या काही रात्री ती चुकलेला वेढा तसाच ठेवून पुढे जाताना अक्षरशः घामाघूम व्हायची, आणि ते अपेक्षितच असतं, भीती कमी व्हायला ती अंगावर घेऊन थोडा वेळ बसावं लागतं. रात्री साडेदहाला नळी दिवाणखान्यात, तिच्या खोलीत नाही. आणि टीमशी बोलणं, एकाने स्क्रीनवर बघून आकडे वाचायचे, तिने वळवायचं, तिसऱ्याने लेखी सुरू करायचं. ज्याने हसं केलं होतं त्यालाच आकडे वाचायला द्यायचं तिने स्वतः ठरवलं, मी सुचवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी तिला मुद्दाम सांगितली. लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने १९४८ मधे ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडलेला असताना कागदावर साखळी काढून, तो कागद दुमडून अल्फा हेलिक्सचा, म्हणजे ती वळवत होती त्याच वेढ्यांचा, आकार शोधला, आणि १९५१ मधे त्याने सहकाऱ्यांबरोबर तो छापला तेव्हा त्यातलं चित्र डाव्या हाताच्या हेलिक्सचं होतं. अमिनो आम्लांचेही डावे-उजवे असे दोन प्रकार असतात, निसर्गात त्यातली कुठली हे तेव्हा प्रयोगाने नुकतं कुठे ठरत होतं. शोध खरा होता, हात उलटा होता. ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने विचारलं, "आणि तरी छापलं?"

जानेवारीतल्या रीजनलला, म्हणजे विभागीय फेरीत, तिचा बीटा स्ट्रँड, म्हणजे साखळीचा ताणलेला सरळसा भाग, एका ठिकाणी भलत्या दिशेला गेला, तिने बघितला, ठेवला, पुढे गेली, शेवटी दुरुस्तीला वेळ उरला नाही. मेडल नाही मिळालं. आईने सांगितलं की गाडीत ती टीमबरोबर फोनवर हसत होती आणि त्या रात्री नऊ तास झोपली.

आता जे पालक हेच विचारतात त्यांना माझं सांगणं. मूल परत परत करतंय एवढ्यावरून घाबरू नका, सराव तसाच असतो. बघा की ते चुकलेला भाग दुरुस्त करतंय का सगळंच पुसून टाकतंय, आणि दुसऱ्याला हात लावू देतंय का. हेच मोजणं, पुसणं, तपासणं होमवर्कमधे, कुलूप बघण्यात, हात धुण्यात पसरायला लागलं किंवा झोप आणि खाणं दोन-तीन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर घरच्या नियमांवर भागवू नका, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोललं तर त्याच दिवशी. आणि कॉलेज अ‍ॅडमिशनसाठी उपयोग होईल का हे मुलासमोर विचारू नका, त्यांना लगेच वास येतो की मॉडेल कोणासाठी चाललंय. स्पर्धेहून परत येताना किती मार्क म्हणून सुरुवात न करता कुठला भाग वळवायला मजा आली ते विचारा, आणि मग ते जितकं सांगेल तितकं ऐका.