हेलिकॉप्टरचं इंजिन बुलेटला बसेल का?

प्रश्न : काका, उद्यमनगरात मामांचं लेथ-मिलिंगचं वर्कशॉप आहे. एका भंगारवाल्याकडं हेलिकॉप्टरचं ॲलिसन 250 इंजिन आलंय म्हणे. बुलेटच्या फ्रेममध्ये बसवायचं डोक्यात आहे. जमेल का? आणि ॲव्हरेज किती मिळेल?
– एक वाचक, कागल

उत्तर : भावा, ॲव्हरेजचं आधी सांगतो, कारण घरचेही तेच विचारणार. या जातीच्या इंजिनावर उडणारं जेटरेंजर हेलिकॉप्टर तासाला साधारण 100 लिटर पितं. टर्बाइन, म्हणजे गरम वायूच्या झोतानं फिरणारं हे इंजिन, उभ्या-उभ्याही पीतच राहतं. डिझेलवर चालतं, हीच काय ती सोय.

वजनाची अडचण नाही. या इंजिनाचं सी-18 मॉडेल जेमतेम 64 किलोचं, म्हणजे सिमेंटचं सव्वा पोतं. ताकद 320 हॉर्सपॉवरच्या आसपास. तुझी 350 बुलेट 20 देते. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या मरीन टर्बाइन टेक्नॉलॉजीज कंपनीनं 2000 साली याच इंजिनावर 'वाय-टू-के' बाईक काढली, पण फ्रेम मुळापासून नवी बांधून. बुलेटची फ्रेम, ब्रेक, चेन यातलं काहीही इथं टिकणार नाही.

खरी गोम पुढं आहे. यात दोन वेगवेगळी टर्बाइनं असतात. एक सुमारे 51 हजार आरपीएमनं कॉम्प्रेसर (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) फिरवतं, दुसरं चाकाला ताकद देतं, आणि दोघांत जोड फक्त गरम वायूचा. त्यामुळं क्लच लागत नाही. पण सिग्नलला गाडी पुढं ओढते, ब्रेक दाबूनच धरावी लागते. ॲक्सिलरेटर पिळला की क्षणभर काहीच नाही, मग एकदम सगळं येतं. आणि सोडला तरी इंजिन ब्रेकिंग शून्य. पन्हाळ्याचा घाट उतरताना हे आठव. अमेरिकन टीव्हीवरचा विनोदवीर आणि गाड्यांचा शौकीन जे लेनो, त्याच्याकडं ती वाय-टू-के आहे. हिच्या एक्झॉस्टनं मागच्या कारचा बंपर वितळल्याचा किस्सा तो स्वतःच सांगतो. आपल्याकडं कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला मागं कोण उभं असतं, ते तूच बघ.

स्टार्टिंगलाही घाई चालत नाही. 24 व्होल्टची बॅटरी जरा जरी उतरलेली असली, तर कॉम्प्रेसर पुरेशी हवा ओढत नाही, इंधन मात्र पडत राहतं. तापमानाचा काटा सरकन वर जातो आणि काही सेकंदांत ब्लेड कामातून जातात.

भंगारातलं इंजिन घेऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत. आतल्या डिस्कना, म्हणजे ब्लेड बसवलेल्या चकत्यांना, ठरावीक आयुष्य असतं. लॉगबुक नसेल तर ते किती उरलंय, हे मामांच्या मायक्रोमीटरलाही कळायचं नाही. डिस्क फुटली तर तुकडे केसिंग फाडून बाहेर येतात, आणि बाईकवर ते केसिंग तुझ्या मांड्यांमध्ये.

रस्त्यावर आणायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मूळ इंजिन असं बदलायला परवानगी नाही.

हौस असेल तर घरगुती छोटं जेट इंजिन कर: ट्रकचा जुना टर्बोचार्जर आण, इंधन जळायला स्टीलचा कम्बशन चेंबर मामांकडून बनवून घे आणि जाड भिंतीआड, जमिनीत पक्क्या रोवलेल्या स्टँडवर चालव. ऑइल पंप वेगळा लाव. तेल थांबलं की बेअरिंग गेलंच. फायर एक्स्टिंग्विशर जवळ हवा, आणि टर्बोच्या फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, मामासुद्धा.