दुसऱ्या स्टेटची सरकारी युनिव्हर्सिटी आणि मेरिट स्कॉलरशिप

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा नुकताच अकरावीत गेलाय, मार्क छान आहेत, कम्प्युटर सायन्स करायचं म्हणतो. आमच्या पगारावर गरजेची मदत (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळते ती) काही मिळणार नाही आणि दुसऱ्या स्टेटच्या फीचे आकडे बघून पोटात गोळा येतो. ओळखीतले म्हणतात मिशिगन, बर्कलीला टाका, हुशार आहे, स्कॉलरशिप मिळेल. खरंच मिळते का हो? (एक आई)

उत्तर: मिळते, पण ओळखीतले सांगतायत तिथे फारशी नाही. मिशिगन काय, बर्कली काय, तिथे बाहेरची मुलं पूर्ण फी भरून यायला रांगेत उभी असतात, मग ते सूट कशाला देतील? बर्कलीची रीजंट्स नावाची मेरिट स्कॉलरशिप मिळाली तरी आपल्यासारख्या घरात तिचा मान मोठा, पैसे थोडे.

ज्यांना बाहेरची मुलं ओढून आणायचीत त्यांच्याकडे बघा. अलाबामा युनिव्हर्सिटीत निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या स्टेटमधली आहेत, आणि ते वेबसाइटवर सरळ तक्ताच देतात, एवढा जीपीए (शाळेच्या मार्कांची सरासरी) आणि एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षेत एवढे मार्क असतील तर वर्षाला एवढे डॉलर, निबंध नाही की इंटरव्ह्यू नाही. टेक्सासची गंमत वेगळीच, तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीने स्पर्धेतून वर्षाला निदान १,००० डॉलरची स्कॉलरशिप दिली तर ती बाहेरच्या मुलाला तिथल्या रहिवाशाची फी लावू शकते, म्हणजे हजाराच्या मागे खरी बचत कितीतरी मोठी. पण सगळ्यांना नाही देत, तिथल्या ऑस्टिनच्या नामांकित युनिव्हर्सिटीकडून तर क्वचितच.

पश्चिमेकडच्या स्टेट्सची एक आपसातली योजना आहे, त्यात रहिवाशाच्या फीच्या जास्तीत जास्त दीडपट भरावी लागते. सिअ‍ॅटलच्या नणंदेने तिचं कौतुक सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या, न्यू जर्सी अशा कुठल्याच गटात नाही.

पीएसएटी, म्हणजे एसएटीची आधीची परीक्षा, या ऑक्टोबरमध्येच आहे, ती टाळू नका, तिच्याच मार्कांवरून नॅशनल मेरिट या देशभरच्या स्कॉलरशिप स्पर्धेची निवड सुरू होते. नॅशनल मेरिटचा कटऑफ न्यू जर्सीत देशात सगळ्यात वरच्यांपैकी असतो हे खरं, पण मुलगा फायनलिस्ट झाला, म्हणजे शेवटच्या यादीत आला, तर अलाबामा आणि यूटी डॅलस (टेक्सासची डॅलसजवळची सरकारी युनिव्हर्सिटी) मोठं पॅकेज देतात. आणि तारखा! मेरीलँड, पर्ड्यू इथे स्कॉलरशिपसाठी बारावीत १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज लागतो, जानेवारीच्या नेहमीच्या मुदतीची वाट बघत बसलात तर अ‍ॅडमिशन कदाचित मिळेल, पैसे नाहीत.

कोण किती देतं ते पारखायचं असेल तर युनिव्हर्सिटीचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं गुगल करा, त्यात एच विभागात गरज नसलेल्या किती मुलांना सरासरी किती दिले ते लिहिलेलं असतं. स्टेटमधले-बाहेरचे वेगळे दाखवत नाहीत, तरी हात सैल की आखडता ते कळतं.

आता आमची फजिती सांगते. मुलीला एका युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, ठळक अक्षरात ६०,००० डॉलर, आम्ही शेजारी पेढे वाटून आलो आणि रात्री नवऱ्याने खालची बारीक ओळ वाचली, चार वर्षांचे मिळून! म्हणजे वर्षाला १५,०००, आणि फी दरवर्षी वाढली तरी हे तेवढेच. म्हणून प्रत्येक पत्रातून ट्यूशन, राहणं-जेवण, इंजिनिअरिंगची जादा फी असं एका वहीत उतरवा आणि खाली फक्त पहिल्या वर्षी खिशातून किती जाणार तेवढंच लिहा. जीपीए कितीच्या खाली गेला की स्कॉलरशिप बंद होते, मेजर (मुख्य विषय) बदललं तर राहते का, हे ईमेलवरच विचारा, फोनवर नको, उत्तर लेखी हवं.