शिओन रंगाची ओढणी

प्रश्न : लेकीने जपानहून ‘शिओन’ रंगाची रेशमी ओढणी आणलीय. हा रंग फुलातून काढतात का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही हो ताई. शिओन म्हणजे तिकडे शरदात फुलणारं ॲस्टरचं फूल. रंगाला नाव तेवढं त्याचं. जपानच्या हेइआन काळात (साधारण हजार वर्षांपूर्वी) दरबारी मंडळींना हा फिका जांभळा फार प्रिय. जुन्या पद्धतीत जांभळा निघायचा मुरासाकी नावाच्या रोपाच्या मुळांतून, आणि कॅमेलिया नावाच्या फुलझाडाच्या राखेतल्या ॲल्युमिनियममुळे तो रेशमावर पक्का बसायचा. तुमची ओढणी बहुधा रासायनिक रंगाची असेल (किंमत विचारा, कळेल!). तरी वाळत घालायची ती सावलीतच. आपल्या कास पठारावरची ‘सीतेची आसवं’ ही रानफुलं मात्र याहून निळसर, त्यामुळे त्या रंगाचं पोलकं यावर जुळायचं नाही.