गोव्याचे आडनाव, अमेरिकेचा रकाना

प्रश्न : आम्ही मूळचे म्हापशाचे. भाचा अमेरिकेत नोकरी करतो. तिथल्या अर्जात 'आपण हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का?' असा प्रश्न होता. आमचे आडनाव पोर्तुगीज धाटणीचे असल्यामुळे सहकारी त्याला 'हो' लिहायला सांगतात. हे बरोबर आहे का? – एक वाचक

उत्तर : नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची आकडेवारी जमवण्याचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी संघीय सरकारच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने व्याख्या ठरवून दिली : मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, मध्य वा दक्षिण अमेरिका किंवा अन्य स्पॅनिश संस्कृतीत जिचे मूळ आहे अशी व्यक्ती, मग तिचा वंश कोणताही असो. 'लॅटिनो' हा शब्द १९९७ मध्ये जोडला गेला. या व्याख्येत आडनावाचा उल्लेख नाही आणि वंशाची अट तर मुद्दामच वगळलेली आहे; त्यामुळे कृष्णवर्णीय क्यूबन आणि जपानी पूर्वजांचा पेरूवासी असे दोघेही तिच्यात बसतात.

खरी अडचण ब्राझीलची आहे. देश दक्षिण अमेरिकेतला, पण भाषा पोर्तुगीज. म्हणून एखाद्याने 'लॅटिनो' या रकान्यात 'ब्राझिलियन' असे लिहिले, तर जनगणना कार्यालय सहसा ते उत्तर नंतर बदलून त्याला हिस्पॅनिकेतर गटात टाकते. २०२० च्या वार्षिक पाहणीत ही दुरुस्ती चुकून राहून गेली आणि आदल्या वर्षी जेमतेम १४ हजार असलेले हिस्पॅनिक ब्राझिलियन एकदम किमान ४ लाख १६ हजार झाले. स्वतःला लॅटिनो मानणारे इतके लोक सरकारी हिशेबात एरवी दिसतच नाहीत, हे मला तरी खटकते.

सहकाऱ्यांचा गैरसमज अगदीच निराधार नाही. वाहतूक खात्याच्या कंत्राटविषयक नियमांतील व्याख्येत पोर्तुगीज संस्कृतीचाही समावेश अनेक वर्षे होता. मात्र त्याच नियमांत भारतीय मूळ असलेल्यांसाठी उपखंडीय आशियाई असा वेगळा गट होता.

अर्जातले उत्तर ज्याचे त्याने द्यायचे असते आणि सहसा पुरावा मागितला जात नाही, हे खरे. तरीही भाच्याने पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणावे आणि वंशाच्या प्रश्नात 'आशियाई' निवडावे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार हे दोन प्रश्न एकत्र केले जात आहेत. नवा अर्ज हाती आला, तर 'आशियाई' या एकाच चौकटीत खूण पुरेल.