गुरूचे ट्रोजन लघुग्रह: आदळत का नाहीत, ओळखायचे कसे, टिपायचे कसे

तुमचे प्रश्न तीन आहेत: गुरूच्याच कक्षेत फिरणारे लघुग्रह त्याच्यावर आदळत का नाहीत, लघुग्रहांच्या यादीत अर्धदीर्घ अक्ष (सूर्यापासूनचं सरासरी अंतर) ५.२ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ५.२ पट) दिसला की ट्रोजन समजायचं का, आणि एखादा कॅमेऱ्यात येईल का.

आधी अंतर लक्षात घ्या. ट्रोजनांचे थवे गुरूच्या साधारण ६० अंश पुढे (एल-४) आणि ६० अंश मागे (एल-५) असतात. सूर्य, गुरू आणि यातला कोणताही एक बिंदू मिळून समभुज त्रिकोण होतो, म्हणजे बिंदूपासून गुरूही सूर्याइतकाच लांब, सुमारे ७८ कोटी किलोमीटर.

तिथे गुरुत्वाकर्षणाचा खड्डा असतो आणि लघुग्रह त्यात अडकतात, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे. गुरूबरोबर फिरणाऱ्या चौकटीत एल-४ आणि एल-५ हे परिणामी विभवाचे (गुरुत्वाकर्षण आणि चौकटीचं फिरणं मिळून होणाऱ्या ऊर्जेच्या चढ-उताराचे) माथे आहेत. तरी लघुग्रह घसरून जात नाही, कारण तो सरकू लागला की कोरिऑलिस परिणाम (फिरत्या चौकटीत हलणाऱ्या वस्तूला बाजूला नेणारा) त्याची वाट वळवतो. पुढच्या थव्यातला एखादा मागे, गुरूकडे सरकला असं धरा. गुरू त्याला मागे ओढतो, त्याची ऊर्जा घटते, कक्षा लहान होते. लहान कक्षेत वेग जास्त, त्यामुळे तो उलट पुढे, गुरूपासून दूर निघतो. ६० अंशांच्या फार पुढे गेला की परिणाम उलटतो: सूर्यही गुरूकडे ओढला जात असतो, तो भाग वरचढ ठरतो, कक्षा मोठी होते आणि लघुग्रह मागे पडू लागतो. असं एक आंदोलन पुरं व्हायला सुमारे १५० वर्षं लागतात. अट एवढीच की ग्रह सूर्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाहून हलका हवा. गुरू तर १०४७ वा हिस्सा आहे.

आता ओळख. नुसता ५.२ पुरत नाही. लघुग्रहासाठी यादीतले तीन कोन घ्या: आरोही पाताचे रेखांश (कक्षा पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल उत्तरेकडे जाताना ओलांडते ती दिशा), उपसूर्य बिंदूचा कोन (तिथून सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंतचा) आणि मध्यम कोन (त्या बिंदूपासून सरासरी वेगाने कापलेला); यांची बेरीज करा, गुरूचीही तशीच करा, आणि लघुग्रहाच्या बेरजेतून गुरूची वजा करा. उत्तर +६० च्या आसपास असेल तर एल-४ चा उमेदवार, −६० च्या आसपास असेल तर एल-५ चा. दोघांची मूलतत्त्वं (कक्षेचे हे आकडे) एकाच तारखेची घ्या. सर्वाधिक चुका इथेच होतात: गुरू वर्षाला ३० अंश सरकतो, त्यामुळे तारखांत वर्षभराचा फरक राहिला तर निम्मी फारकत खोटी निघते.

उमेदवार म्हणजे ट्रोजन नव्हे. सूर्य आणि चारही मोठे ग्रह धरून काही हजार वर्षांचं संख्यात्मक समाकलन (संगणकावर पायरीपायरीने कक्षा पुढे मोजणं) करा आणि हा फरक काळानुसार आलेखावर काढा. तो +६० किंवा −६० च्या दोन्ही बाजूंना झुलत राहिला तर ट्रोजन. ० ला न ओलांडता १८० ओलांडून दुसऱ्या बाजूला गेला तर नालाकृती (घोड्याच्या नालेसारखी) कक्षा. ० ते ३६० असा सतत फिरत राहिला तर तो नुसता वाटसरू. निरीक्षणांचा काळ थोडा असेल तर मूलतत्त्वं त्यांच्या अनिश्चिततेइतकी थोडी थोडी बदलून तेच समाकलन अनेकदा चालवा. २०१९ एलडी२ हे यासाठीचं सर्वोत्तम उदाहरण. २०२० मध्ये तो शेपटी असलेला पहिला ट्रोजन म्हणून जाहीर झाला. कक्षा तपासल्यावर कळलं की तो धूमकेतूसारखा पाहुणा आहे, २०१७ मध्ये गुरूच्या जवळून गेल्यावर या कक्षेत आलेला आणि पुढे निघून जाणारा.

यादीत कललेल्या कक्षा दिसल्या तर दचकू नका. काही ट्रोजनांच्या कक्षेचा कल ३० अंशांच्या पुढे जातो, थवे चांगलेच जाड आहेत.

छायाचित्रणासाठी ६२४ हेक्टर निवडा, हा सर्वांत मोठा ट्रोजन. नाव ट्रॉयच्या वीराचं असलं तरी तो आहे पुढच्या, ग्रीक वीरांच्या नावांच्या थव्यात. पुढचा थवा गुरूच्या प्रतियुतीनंतर (पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला दिसतो तेव्हा) साधारण दोन महिन्यांनी प्रतियुतीत येतो, मागचा दोन महिने आधी. हेक्टर तेव्हा १४ ते १५ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितका अंधुक) असतो, म्हणून डोळ्याने शोधत बसण्यापेक्षा कॅमेराच लावा. प्रतियुतीजवळ तो तासाला सुमारे २० विकला (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला) सरकतो. दीड-दोन तासांच्या अंतराने त्याच भागाची दोन चित्रं घेऊन आलटून पालटून पाहिली की हलणारा ठिपका सापडतो. एक्स्पोजर दोन-तीन मिनिटांच्या आत ठेवा, नाहीतर त्याची रेघ उमटू लागते आणि प्रत मोजताना अडचण येते. प्रत नक्की मोजा: हेक्टर खूप लांबट आहे, सुमारे ६.९ तासांत स्वतःभोवती फिरतो आणि एका फेरीत दोनदा उजळतो. त्यामुळे साडेतीन तासांहून जास्त वेळ सलग चित्रं घेतलीत तर चढ-उतार स्वतःच्या आलेखात दिसेल. तो किती ठळक येईल, हे मात्र त्या वर्षी त्याचा अक्ष आपल्याकडे किती कललेला आहे त्यावर ठरतं.