पू येणाऱ्या मधुमेही जखमेवर लेझर किंवा प्रकाशाचे उपचार घ्यावेत का?

आपल्या वडिलांना मधुमेह आहे, तळपायाची जखम महिना उलटूनही भरत नाही, तिच्यातून पू येतो आणि कोथरूडच्या एका दवाखान्याने लाल प्रकाशाच्या लेझरचे पॅकेज सुचवले आहे. ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात शल्यचिकित्सक म्हणून अशाच जखमांवर उपचार करतो. माझे मत स्पष्ट आहे: पू येत आहे तोवर ते घेऊ नये.

साधारण ६३० ते ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पेशींमधील मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रे) शोषून घेतात, त्यातून पेशींची ऊर्जानिर्मिती वाढते आणि जखम भरण्यास चालना मिळते, असा या उपचारामागचा विचार आहे. बुडापेस्टचे डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांनी १९६० च्या दशकात उंदरांवर लेझरचे प्रयोग करताना अशा परिणामांची पहिली नोंद केली. परंतु या प्रकाशाने जंतू मरतील असे धरून चालता येत नाही. शिवाय मात्रा प्रमाणाबाहेर गेली, तर जखम भरण्याची गती उलट मंदावू शकते.

जंतू मारण्यासाठी प्रकाश वेगळ्या रीतीने वापरतात. फोटोडायनॅमिक उपचारात मिथिलीन ब्लूसारखे रंगद्रव्य जखमेवर लावून ते शोषून घेईल असा प्रकाश सोडतात. तेव्हा ऑक्सिजनचे अत्यंत क्रियाशील रूप तयार होते आणि ते जंतूंच्या आवरणावर, प्रथिनांवर व डीएनएवर एकाच वेळी आघात करते. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूही यात मरू शकतात, म्हणून या पद्धतीकडून मला खरोखर आशा आहे. तरीही प्रकाश ऊतींमध्ये फार खोल जात नाही. डॅनिश डॉक्टर निल्स फिन्सेन यांना ज्या प्रकाशोपचारासाठी १९०३ मध्ये नोबेल मिळाले, तोही त्वचेच्या क्षयावरचा, म्हणजे वरवरच्या आजारावरचा होता. हाडापर्यंत गेलेल्या संसर्गाला हा उपाय पुरणार नाही.

आधी जखमेतील मृत भाग काढून ती स्वच्छ करून घ्या, खोलवरच्या ऊतीचा कल्चर तपास (कोणते जंतू आहेत हे पाहणारी चाचणी), पायाचा एक्स-रे आणि डॉपलरने रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्या, आणि साखर आटोक्यात आणा. जखमेवर शरीराचा भार येऊ देऊ नका. माझ्या अनुभवात घरोघरी सर्वाधिक दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला दुखत नसल्याने माणूस चालत राहतो. पालखीसोबत अनवाणी चाललेल्या मधुमेही वारकऱ्यांच्या पायांवर मोठे फोड आलेले असतात आणि त्यांना त्याची जाणीवही नसते, हे पाहून फार वाईट वाटते. वडिलांना घरातही एमसीआरची (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल वापरू द्या आणि जखमेवरचा भार पूर्ण काढण्यासाठी प्लास्टर लागेल का, हे डॉक्टरांना विचारा.

जखम स्वच्छ होऊन रक्तपुरवठा ठीक असल्याचे कळले, तरच पूरक उपचार म्हणून लाल प्रकाशाचा विचार करावा. तेव्हा त्या दवाखान्यास तरंगलांबी किती आणि दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल ऊर्जा देणार, हे विचारा. याचे उत्तर देता येत नसेल, तर पैसे भरू नका. ताप आला, लाली वर चढू लागली किंवा बोट काळे पडू लागले, तर मात्र त्याच दिवशी वडिलांना मोठ्या रुग्णालयात न्या.